लिनोवर साचे (यंत्रमाग) कोरताना: पहिल्या कोरणीपासून प्रदर्शनाच्या भिंतीपर्यंत

2023 च्या दिवाळीनंतर सुरू झालेली लिनोकटची (लिनोलियमच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका 2024 च्या डिसेंबरात सोलापुरातल्या एका सभागृहाच्या भिंतीवर लागली. मधल्या काळात पडलेल्या प्रश्नांची उत्तरं एका जागी कुठे लिहिलेली नव्हती. कलामहाविद्यालयात शिकलेल्यांना तंत्र येतं, पण वर्गातलं काम संपून स्वतःचं काम कुठून सुरू होतं हे त्यांनाही कुणी सांगत नाही. नोकरी सांभाळून चित्रं काढणाऱ्यांची तर दोन्हीकडून पंचाईत. म्हणून जे ज्या क्रमाने झालं ते त्याच क्रमाने, खर्चासकट.

लिनोकट निवडण्याचं कारण साधं होतं. घरात प्रेस लागत नाही, ठसा चमच्याने घासून निघतो आणि हे माध्यम खाडाखोड करू देत नाही. जलरंगात ‘अजून थोडं’ करत राहता येतं. इथे कोरलं ते गेलं. आपण काय ठेवतो आणि काय काढतो, हे ताबडतोब समोर येतं.

लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा यांचा थर, मागे तागाचं कापड. जाडी साधारण 3.2 मिलिमीटर असलेला घ्यावा. पातळ पत्र्यात कोरणी कापडापर्यंत पोचते. घेताना अंगठ्याचं नख दाबून पाहायचं. वळ उमटला तर माल ताजा, न उमटता कडा मोडली तर तो दुकानात वर्षानुवर्षं पडून वाळलेला. सोलापुरात शाळेच्या सामानाच्या दुकानांत कोरण्यांचा संच मिळतो, पण त्याचं पोलाद मऊ असतं. मी त्या संचातली फक्त रुंद यू कोरणी ठेवली आणि बारीक व्ही कोरणी चांगल्या प्रतीची वेगळी घेतली. धागे कोरायचे असतील तर सगळं काम त्या एका व्हीवरच असतं. धार जाऊ लागली की चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून घासायची. बोथट कोरणी घसरते आणि हात कापतो. कोरणीपुढे दुसरा हात कधीच ठेवायचा नाही. फळीला पुढे-मागे दोन पट्ट्या उलट्या बाजूंनी ठोकून अडण घरीच करता येते. एक पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, दुसरीला लिनो टेकतो.

सुरुवातीचा खर्च लिनो, कोरण्या, चार इंची रबरी रोलर, काळी तेलाची शाई, काच आणि कागद धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेला. सगळ्यात महाग होता रोलर. तिथे काटकसर करू नका. कडक प्लास्टिकचा रोलर शाई समान लावत नाही.

पहिल्याच दिवशी एक बंधन घालून घेतलं: एकच माप, सहा बाय आठ इंच, आणि एकच काळी शाई. हे कंजुषीसाठी नव्हतं. दर वेळी माप आणि रंग बदलले की चित्रात फरक कशामुळे पडला ते कळत नाही. सगळं सारखं ठेवलं की उरलेला फरक फक्त आपल्या बघण्यातला असतो.

जानेवारीत गड्डा आला. सोलापुरात हातात वही असलेला प्रत्येक जण संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत असतोच. पांढरी बाराबंदी, उंच नंदीध्वज, तलावाचं पाणी: काळ्या-पांढऱ्या माध्यमाला याहून सोयीचं काय मिळणार? पण अडचणही तिथेच आहे. ही दृश्यं इतक्यांनी इतक्या वेळा टिपली आहेत की हात आपोआप ठरलेल्या कोनाकडे जातो. ठसे छान निघाले, लोकांना आवडले आणि त्यांत वेगळं काहीच नव्हतं. गड्डा काढू नका असं म्हणायचं नाही. विषय जितका देखणा, तितका तो चित्रकाराच्या वाटणीचं काम स्वतःच करून टाकतो, एवढंच. सुरुवातीला थोडा आडमुठा विषय बरा.

म्हणून फेब्रुवारीपासून पूर्वभागातले, शहरातल्या विणकरवस्तीतले साचे. ‘सोलापूर’ हा विषय मोठा, ‘कापडगिरणी’ हाही मोठा, ‘जकार्डचा (भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारा) साचा आणि त्यावरचा धागा’ हा मापात बसणारा. विषय लहान करताना एक चाचणी लावावी: या विषयावर पंधरा वेगळे ठसे डोळ्यांसमोर येतात का? लगेच आले तर विषय अजून ढोबळ आहे. पाचावर अडलो तर बहुतेक नेमका आहे. पुढचे दहा बघायला जावं लागतं, आणि ते जाणंच उपयोगाचं.

कारखान्यात शिरण्यासाठी ओळख लागते. वहीतली चार रेखाटनं दाखवून मालकाला सरळ विचारावं, फोटो काढणार नाही हे आधी सांगावं. डिझाइन चोरीला जाईल ही भीती या धंद्यात खरी आहे. मालक हो म्हणाले तरी साच्यावरच्या माणसाला वेगळं विचारायचं. त्याची मजुरी कापडावर असते, आपल्यामुळे साचा थांबला तर नुकसान त्याचं. आत ओढणी, सैल बाही, गळ्यातली पिशवी नको. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) निसटला तर गोळीसारखा बाहेर येतो, म्हणून साच्याच्या दोन्ही टोकांना, धोट्याच्या रेषेत, उभं राहायचं नाही. कानात कापूस, नाकावर रुमाल. सुताचे बारीक तंतू वहीवर बसतात आणि शाईचं पेन अडतं, पेन्सिल न्यावी.

रेखाटनाची पद्धत इथे बदलावी लागली. साचा चालू असताना काहीच स्थिर नसतं, म्हणून जागेवर बसून सगळं उतरवण्याचा हट्ट सुटतो. दहा मिनिटं फक्त बघायचं, वही बंद. घरी आल्यावर रात्री आठवणीतून काढायचं. दुसऱ्या वेळी तीच वही घेऊन जाऊन चुकलेला जोड, विसरलेला दांडा यांच्या नुसत्या खुणा करायच्या. जे आठवलं नाही ते बहुतेक ठशातही लागत नाही. जे प्रत्येक वेळी आठवलं ते चित्राचा कणा. मोबाइलच्या फोटोवरून ट्रेस केलं की नेमकी ही चाळणी निघून जाते. फोटो सगळं सारख्याच महत्त्वाचं करून देतो. फोटो ठेवायचाच तर कोरून झाल्यावर तपासायला ठेवावा.

जकार्ड समजून घेणं मात्र टाळता येत नाही. नक्षी आधी आलेख कागदावर निघते. आडव्या चौकोनांत हुक, उभ्या चौकोनांत बाण्याचे (आडवे) धागे. साधारणपणे बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. कार्डात भोक असलं की सुई आत जाते, हुक सुरीवर अडकून राहतो आणि ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो. भोक नसलं की हुक ढकलला जातो आणि धागा खालीच राहतो. म्हणजे सगळी फुलं, वेलबुट्ट्या, मोर या ‘आहे’ आणि ‘नाही’तून तयार होतात. लिनोकटही तेच करतो. शिवाय सोलापुरी चादर पलटली की नक्षी तीच आणि रंग उलटे. पुढे या मालिकेतली निम्मी चित्रं याच गोष्टीवर उभी राहिली, पण ते मार्चमध्ये कळलं.

मार्चमध्ये झालं ते असं. तोवरचे सगळे प्रूफ, म्हणजे चाचणीचे ठसे, एका संध्याकाळी जमिनीवर मांडले. हे प्रत्येकाने करावं. स्वतःचा हात ओळखायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. मांडताना क्रम, तारीख, आवडनिवड काही पाहायचं नाही. मग तीन ढीग. पहिल्यात ते ठसे, ज्यांच्याकडे बघून दुसऱ्या कुणाचं काम आठवतं. कुणाचं ते मागे पेन्सिलीने लिहायचं. दुसऱ्यात नीटनेटके, बिनचूक आणि निर्जीव. तिसऱ्यात ते, ज्यांत काहीतरी खटकतं पण नजर तिथेच परत जाते. तिसरा ढीग फार छोटा निघतो आणि त्यातले ठसे बहुतेक वेळा तंत्राने कच्चे असतात. हिरमुसायचं नाही.

पुढची पायरी लिहिण्याची. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक ठशाखाली, त्यात काय आहे ते क्रियापदांत लिहायचं, विशेषणांत नाही. ‘सुंदर’, ‘गूढ’, ‘प्रभावी’ यांनी काहीच कळत नाही. ‘धागे चौकटीबाहेर जातात’, ‘माणसाचा चेहरा येत नाही, हात येतात’, ‘खालचा अर्धा भाग काळा सोडलाय’, ‘यंत्र कडेला कापलंय’ असं लिहिलं की दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसू लागतात. त्या मुद्दाम केलेल्या नसतात, म्हणूनच त्यांना किंमत आहे. पुढच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे कोरायच्या लिनोच्या तुकड्यात, त्यांतली एकच गोष्ट घेऊन ती ताणायची. धागे चौकटीबाहेर जातात ना? मग आता चौकटीत धागे सोडून दुसरं काहीच नको. कुठवर ताणलं की चित्र मोडतं ते कळल्यावर एक पाऊल मागे यायचं.

नक्कल करावी की नाही, यावर वाद होतात. हत्यार शिकण्यापुरती खुशाल करावी, जपानी काष्ठठशांची, जर्मन वुडकटची, आपल्याकडच्या मुद्राचित्रकारांची. त्या कामाचा गठ्ठा वेगळा ठेवावा आणि प्रदर्शनात त्यातलं एकही लावू नये.

प्रूफ कुणाला दाखवायचे हाही प्रश्न येतो. चित्रकार मित्र रचनेवर बोलतात, छटांवर बोलतात. साच्यावरच्या एका वयस्कर विणकराने एका ठशावर बोट ठेवून विचारलं, “अण्णा, हा धागा फणीतून आलाच नाही, मग कापड कुठून आलं?” अचूक टीका होती. तिथली रेष नुसती सजावटीसाठी कोरलेली होती. विषय जगणाऱ्या माणसाला ‘आवडलं का’ विचारू नये. ‘काय चुकलंय’ विचारावं.

एप्रिल-मे कोरण्याचे महिने. पारा चाळिशीपार गेला की लिनो लोण्यासारखा कापला जातो. ऐकायला छान, पण कोरणी हवी तिथे थांबत नाही आणि दोन कापांमधली बारीक भिंत वाकते. कोरायचं ते सकाळी नऊच्या आत. थंडीत उलट, कडक झालेला लिनो दहा मिनिटं उन्हात ठेवायचा किंवा कापड घालून कोमट इस्त्री फिरवायची. चित्र लिनोवर उतरवताना बटर पेपरवर काढून कागद पालथा करून घासावा, म्हणजे ठसा सुलट येतो. हे विसरलं तर दुकानाची पाटी उलटी येतेच, शिवाय डावखुरा नसलेला माणूस डावखुरा होतो, आणि विणकरांना ते पहिल्या नजरेत दिसतं. कोरण्याआधी लिनोवर पातळ तांबडा रंग फिरवला की कोरलेली जागा स्पष्ट दिसते.

पाण्याची शाई सोलापूरच्या उन्हाळ्यात घेऊ नये. रोलर काचेवरून लिनोवर जाईपर्यंत ती सुकू लागते आणि कागद चिकटून फाटतो. तेलाची शाई सावकाश वाळते, तेवढा वेळ मिळतो. पंखा बंद ठेवायचा. काचेवर शाईची पट्टी ओढून रोलर उचलून-उचलून फिरवायचा. बारीक चरचर आवाज आला की थर बरोबर. आवाज चिकट, फाटल्यासारखा असेल तर शाई जास्त, बारीक रेघा भरून जातील. ठशावर पांढरे ठिपके आले तर शाई कमी किंवा दाब कमी. दोन्ही एकदम बदलायचं नाही, नाहीतर दोष कशाचा ते कळत नाही. पुसताना रॉकेलची गरज नाही. आधी गोडेतेल, मग साबणाचं पाणी.

कागद चमच्याने छापायचा असेल तर 80 ते 120 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम). त्याहून जाड कागदाला प्रेस हवा. हातकागद पुण्याहून मागवला. त्याची एक बाजू गुळगुळीत असते, ती शाईकडे. वर बटर पेपर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासायचं, एक कोपरा धरून दुसरा उचलून बघायचं, कमी वाटलं तर परत टेकवून घासायचं. मूळ कागद हलला तर दुहेरी रेघ येते, म्हणून टेबलावर पुठ्ठ्याचे दोन काटकोन चिकटवून ठेवावेत, एक लिनोसाठी, एक कागदासाठी.

उलट्या रंगांची कल्पना इथे कामाला आली. एकाच शाईचं बंधन एवढ्यापुरतं सोडून त्याच ब्लॉकवरून पांढऱ्या कागदावर काळी शाई आणि काळ्या कागदावर पांढरी, दोन्ही शेजारी. पांढरी शाई काळ्या कागदावर एका थरात कधीच पूर्ण झाकत नाही, राखाडी दिसते. दोनदा छापून पाहिलं तेव्हा रेघा जाड झाल्या. शेवटी राखाडीच ठेवली. वापरून विटलेल्या चादरीचा रंग तोच असतो.

प्रती पावसाळ्यात छापल्या, त्यामुळे वाळायला आठवडा-दीड आठवडा लागला. दोरीवर चिमट्यांनी टांगाव्यात, एकावर एक ठेवू नयेत. प्रत्येक ब्लॉकच्या किती प्रती हे छापण्याआधी ठरवायचं आणि नंतर वाढवायचं नाही. ठशाखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक (4/15 म्हणजे पंधरापैकी चौथी), मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. पेनची शाई पुढे पसरते किंवा उडते. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती वेगळ्या, त्यांवर तसा उल्लेख. त्या एकूण प्रतींच्या दहा टक्क्यांच्या आसपास असाव्यात.

आता सभागृह. चौकशी मे महिन्यातच करावी. नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि चांगले हॉल लग्न, साखरपुडा, साड्यांचे सेल यांना जातात. साध्या कागदावर अर्ज, आधारची झेरॉक्स, चित्रांचे चार-सहा फोटो, कार्यक्रमाचं स्वरूप. मग समितीची बैठक होईपर्यंत थांबायचं. आमच्या अर्जाला उत्तर यायला सहा-सात आठवडे गेले. दोन प्रतींत अर्ज देऊन आपल्या प्रतीवर पोच आणि तारखेचा शिक्का घ्यावाच. तीन दिवसांचं भाडं नऊ हजार, अनामत वेगळी. अनामत परत मिळण्यासाठी पुन्हा अर्ज, मूळ पावती आणि रद्द केलेला चेक लागला. मूळ पावती हरवू नका. बाहेर फ्लेक्स लावायचा तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयाची परवानगी वेगळी. बुकिंगआधी भिंतीवर खिळे चालतात का, नसतील तर साखळ्या किती, दिव्यांचा रोख बदलतो का, तारखा कोणत्या मितीच्या आसपास येतात, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावं. दिवा समोरून आला की काचेत फक्त बघणाऱ्याचं तोंड दिसतं.

फ्रेमवर सर्वांत जास्त पैसे गेले, एकेका फ्रेमला सहाशे ते सातशे. माउंट (ठशाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घातल्याशिवाय फ्रेम करू नये; काच ठशाला टेकली की दमटपणात शाई काचेला धरते. ठसा मागे चिकटवायचा नाही, वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी बिजागरी पुरते. सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या, साध्या काळ्या. एकच माप ठरवल्याचा फायदा इथे पैशांत दिसतो.

निवड करताना भिंतीपेक्षा चित्रं जास्त होती, तेव्हा पुन्हा तेच तीन ढीग. नीटनेटका ढीग या वेळी मोठा मोह घालतो, कारण विकला जाईल तो हाच असं वाटतं. त्यातलं काहीही लावलं नाही. ठशाची किंमत फ्रेमशिवाय आणि फ्रेमसह अशी दोन आकड्यांत लिहावी. बरेच जण नुसता ठसा नेतात. एकाच एडिशनची, म्हणजे एका ब्लॉकच्या ठरवलेल्या प्रतींची, किंमत गिऱ्हाईक बघून बदलायची नाही. सोलापुरात दुपारी कुणी येत नाही. संध्याकाळी सहा ते साडेआठ ही खरी वेळ. साच्यावरच्या लोकांना सुट्टीच्या दिवशी बोलवावं आणि तेव्हा माइक, हारतुरे ठेवू नयेत.

प्रदर्शनात एका टॉवेल उत्पादकांनी नक्षी वापरण्याबद्दल विचारलं, म्हणून हा कायद्याचा भाग. कलाकृतीवर कॉपीराइट ती तयार होताच असतो, नोंदणी सक्तीची नाही. मुदत चित्रकाराचं आयुष्य आणि नंतर 60 वर्षं. नोंदणी पुराव्यासाठी. फॉर्म 14, ऑनलाइन, प्रत्येक कलाकृतीला 500 रुपये. चित्र मालावर वापरलं जाणार असेल तर 2000 आणि ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखलाही. डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. वस्त्रव्यवसायाच्या गावात मात्र कॉपीराइट कायद्याचं कलम 15 वाचूनच कागदावर सही करावी. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाच्या परवानगीने औद्योगिक रीतीने तिचे 50 पेक्षा जास्त नग निघाले, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. टॉवेल एका दिवसात पन्नासच्या वर निघतात. डिझाइन नोंदणीची मूळ मुदत 10 वर्षं, पुढे 5 वाढवता येतात, पण नक्षी आधी कुठे प्रसिद्ध झालेली नसावी, म्हणून अर्ज प्रदर्शनाच्या आधीचा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे ते त्या उत्पादनाच्या नावाला. आपल्या नक्षीला त्याचं संरक्षण मिळत नाही.

उरलेले ठसे बटर पेपर मध्ये घालून आडवे, सपाट ठेवावेत. गुंडाळी केली की शाईला तडे जातात. कसर लागते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी गठ्ठा उघडून वारा द्यावा. चांगले फोटो ढगाळ उजेडात, काच लावण्याआधीच काढून ठेवा. राज्य कला प्रदर्शनाचा मुद्राचित्रण विभाग असो की 1888 पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी, अर्जाला फोटो लागतातच. मुंबईच्या जहांगीर कलादालनाची प्रतीक्षा तर वर्षांत मोजतात. तिथला अर्ज पुढच्या मालिकेची वाट न बघता याच फोटोंवर भरून टाका. नंबर येईपर्यंत हात बदललेला असेल, आणि लावायचं काम तेव्हाचंच असेल.